काळ्या मातीत वर्षभर रंग देणारी बहुवर्षायू फुलझाडं: सांगलीसाठी कोणती आणि कशी लावायची?

अंगण_विश्रामबाग

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागेत घराच्या पूर्वेला कंपाउंडलगत २४ फूट लांब आणि ४ फूट रुंद पट्टा मोकळा आहे. तिथे सकाळपासून दुपारी साडेबारापर्यंत ऊन असतं. पश्चिमेच्या भिंतीलगत अडीच फुटांची अरुंद पट्टी आहे, तिथे दुपारचं कडक ऊन. माती काळी, चिकट. उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस पाणी उभं राहतं. पाणी बोअरचं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) १४००. नळाचं पाणी थोडं देता येईल, पण पूर्ण बागेला रोज पुरणार नाही.

झेंडू, अ‍ॅस्टर, पिटुनिया दर हंगामाला नव्याने लावायचे नाहीत. एकदा लावली की चार-पाच वर्षं टिकतील आणि कुठल्याही महिन्यात निदान दोन-तीन रंग दिसतील अशी झाडं हवीत. सध्या भिंतीलगत एक्झोराची चार झाडं आहेत. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. बुटकी हायब्रीड सदाफुली ऑगस्टमध्ये बुंध्याशी काळी पडून गेली. हायब्रीड जास्वंदाच्या कळ्या उमलण्याआधी गळतात. घरात लहान मुलं आहेत, त्यामुळे कण्हेरीसारखी विषारी झाडं नकोत.

माती पूर्ण बदलावी का? झाडं कोणती आणि किती अंतरावर? आणि एक्झोरा ठेवावा की काढावा?

काळीमाती

ताई, तुम्ही लिहिलेली तिन्ही लक्षणं माती आणि पाण्याकडे बोट दाखवतात. म्हणून झाडांची यादी नंतर, आधी घरच्या घरी तीन तपासण्या करून घ्या.

पहिली: कोरड्या मातीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. फसफसलं तर मातीत मोकळा चुना आहे. आपल्याकडच्या बहुतेक काळ्या जमिनीत तो असतो आणि सामू (पीएच) ८ च्या आसपास जातो. भिंतीलगत बांधकामाचा राडारोडा, प्लास्टरचे तुकडे असतील तर तिथे आणखी वर.

दुसरी: काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या आणि हरभऱ्याएवढं सुकं ढेकूळ अलगद सोडा. हलवायचं नाही, दोन तास तसंच ठेवायचं. ढेकूळ फुटून तळाशी बसलं पण पाणी निवळ राहिलं, तर ठीक. ढेकळाभोवती दुधासारखं गढूळ वलय पसरलं, तर माती चोपण आहे, म्हणजे तिच्यात सोडियम जास्त आहे. फक्त या दुसऱ्या स्थितीतच जिप्समचा उपयोग. तुमच्या ९६ चौरस फुटांना तीन-चार किलो जिप्सम वरच्या अर्ध्या फुटात मिसळून त्यावर भरपूर पाणी सोडायचं, आणि ते पाणी बाहेर पडायला वाटही हवी, नाहीतर सोडियम जागच्या जागी राहतो. नुसत्या चुनखडीच्या जमिनीत जिप्सम टाकून सामू उतरत नाही, हे दुकानदार सांगत नाहीत.

तिसरी: एक फूट खोल खड्डा करून पाण्याने भरा. जिरलं की पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळची पातळी मोजा. तासाला एक इंचापेक्षा कमी उतरली तर निचरा नाही असं समजा. दोन दिवस पाणी उभं राहतं म्हणताय, तेव्हा उत्तर काय येणार ते दिसतंच आहे.

माती पूर्ण बदलू नका. दोन-दोन फुटांचे खड्डे काढून त्यात भुसभुशीत मिश्रण भरलं की चारी बाजूंना चिकण काळी माती राहते आणि पावसाळ्यात प्रत्येक खड्ड्याचा हौद होतो. मुळं तिथेच कुजतात. त्यापेक्षा सगळा पट्टा वर उचला. ९ इंच उंचीचा गादीवाफा करायचा तर ७२ घनफूट भर लागेल, म्हणजे पाऊण ब्रासला (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडं कमी. त्यात निम्मी मुरूममिश्रित तांबडी माती, पाव भाग पूर्ण कुजलेलं शेणखत (साधारण सात-आठ पोती) आणि पाव भाग भाताचं तूस व विटांचे बोराएवढे तुकडे. भर टाकण्याआधी खालची काळी माती कुदळीने ९ इंच खणा आणि भरीचा पहिला थर तिच्यात मिसळून घ्या. दोन मातींमध्ये सरळ रेघ राहिली की पाणी त्या रेघेवर अडतं. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत वाफा पाव हिश्श्याने बसेल, तेव्हा थोडी भर बाजूला राखून ठेवा.

वाळू घालू नका. काळ्या मातीत निम्म्याहून कमी वाळू पडली तर ती मोकळी होण्याऐवजी घट्ट बसते आणि वाळल्यावर टणक होते.

आता पाणी. १४०० टीडीएसचं पाणी पानांवर मारू नका, कडा करपतात. बुंध्यापासून वीतभर लांब आळ्यात द्या. रोज थोडं थोडं देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी खोलवर द्या. थोडं पाणी वरच्या वर सुकतं आणि क्षार वरच राहतात, मातीवर पांढरी साय दिसते ती तीच. नळाचं पाणी कुंड्यांसाठी राखा. गच्चीचं पाणी साठवता आलं तर उत्तम: १००० चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला की सुमारे २३०० लिटर पाणी होतं.

अंड्याची टरफलं, चुलीची राख, हाडांचा चुरा यातलं काहीही या मातीत नको. चुना आधीच जास्त आहे, राखेने सामू आणखी चढतो आणि हाडांच्या चुऱ्यातलं स्फुरद (फॉस्फरस) एवढ्या सामूला विरघळतच नाही. ज्या मातीत हे चालतं तिथले सल्ले इथे उचलू नयेत.

एक्झोराबद्दल माझं मत स्पष्ट आहे: भिंतीलगतचा काढा. तो आम्लधर्मी मातीचं झाड आहे. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोहाची कमतरता. मातीत लोह आहे, पण चुन्यामुळे मुळांना उचलता येत नाही.

फुलवेडी_मिरज

मातीबद्दल काळीमाती यांनी लिहिलंय त्यात भर घालण्यासारखं फार नाही. एक्झोरा मात्र लगेच काढू नका असं मी म्हणेन. वाढलेली झाडं असतील तर चारपैकी दोन, ज्यांची खोडं जाड आहेत ती, १८ इंची कुंडीत हलवा. लाल माती, शेणखत आणि कोकोपीट समप्रमाणात, पाणी नळाचं किंवा पावसाचं. हलवायचं काम जूनच्या शेवटी, आभाळ असताना, आणि फांद्या एक तृतीयांश छाटून.

पिवळेपणावर उपाय दोन. हिराकस (फेरस सल्फेट) ५ ग्रॅम आणि लिंबूसत्व (सायट्रिक अ‍ॅसिड) १ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारायचं, दहा दिवसांनी पुन्हा. आधी एका फांदीवर करून दोन दिवस बघा. भिंतीवर, फरशीवर उडालं तर तांबडे डाग पडतात ते निघत नाहीत. मातीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्या, मध्यम झुडपाला १० ग्रॅम पाच लिटर पाण्यात. कृषी सेवा केंद्रात ‘चिलेटेड फेरस’ म्हणून बहुधा ईडीटीए हातात देतात. तो स्वस्त असतो, फवारणीला चालतो, पण सामू ८ च्या मातीत टिकत नाही. द्राक्षबागांमुळे आपल्याकडे दोन्ही मिळतात, पाकिटावर नाव वाचून घ्या. ईडीडीएचएचं द्रावण गडद लाल होतं, ही त्याची खूण.

आता पूर्वेच्या पट्ट्याची मांडणी. भिंतीपासून सव्वा फूट सोडून मागची ओळ, दर चार फुटांवर एक झाड, म्हणजे सहा जागा. त्यात दोन देशी लाल जास्वंद, दोन हमेलिया, एक टेकोमा, एक निळा चित्रक. देशी जास्वंद म्हणजे आजीच्या अंगणातला एकेरी किंवा गुच्छाचा लाल. मोठ्या रंगीत फुलांचे हायब्रीड या उन्हात आणि या पाण्यात नाजूक पडतात. हमेलियाची केशरी नळीसारखी फुलं थंडीचे काही आठवडे सोडले तर सतत असतात, चुनखडी त्याला बाधत नाही आणि शिंजीर पक्षी दिवसभर येतात. टेकोमाच्या लांब शेंगा दिसल्या की कापायच्या. शेंगा धरल्या की फुलं कमी होतात. निळा चित्रक नव्या फुटीवर फुलतो, त्यामुळे छाटणीची भीती बाळगू नका. एवढा मऊ आकाशी रंग दुसऱ्या कुठल्याही काटक झुडपाला नाही.

मधल्या ओळीत कर्दळ. चिकण, ओलसर माती तिला मानवते, त्यामुळे वाफ्याचा सगळ्यात खालचा, ओल धरणारा भाग तिला द्या. पाच-पाच कंदांचे दोन पुंजके, कंदात सव्वा फुटाचं अंतर, चार इंच खोल, डोळा वर. एका पुंजक्यात एकच रंग ठेवा. तीन रंग एकत्र लावले की तिसऱ्या वर्षी जोमदार जात बाकीच्यांना दाबते. कर्दळीचा एक दांडा फुलून झाला की तो पुन्हा फुलत नाही, जमिनीलगत कापायचा. दर तिसऱ्या वर्षी कंद काढून विभागा. पानांवर पिवळ्या रेघा ओढल्यासारख्या दिसल्या आणि खत देऊनही गेल्या नाहीत तर तो विषाणू असण्याची शक्यता मोठी. तो कंद मुळासकट काढा आणि त्याच कात्रीने दुसरं झाड कापू नका.

पुढच्या कडेला पावसाळी लिली (पांढरी, गुलाबी, पिवळी), चार इंचांवर एक कंद, दोन इंच खोल. पहिल्या जोरदार पावसानंतर एकदम उमलते. कडेला मधून मधून टर्नेरा लावा. फिकट पिवळी फुलं सकाळी उघडतात, दुपारपर्यंत मिटतात, आणि तुमचा पट्टा सकाळीच बघण्याचा आहे. पेंटास लावायचा तर वाफ्याच्या सगळ्यात उंच कडेवर. सदाफुली हवी असेल तर देशी गुलाबी-पांढरीच, आणि तीही सप्टेंबरच्या अखेरीस. हायब्रीड बुटक्या जातींना पावसाळ्यात फायटोप्थोरा बुरशी बुंध्याशी धरते, पाणी उभं राहिलं की दोन दिवसांत झाड जातं.

मुलांच्या दृष्टीने: कण्हेर आणि पिवळी बिट्टी नाहीच. पण सदाफुलीही खाण्यासारखी नाही आणि लिलीचे कंद पोटात गेले तर उलट्या होतात. विभागणी करताना काढलेले कंद स्वयंपाकघरात कांद्या-लसणाजवळ ठेवू नका.

रुएलिया कुणी सुचवला तर बुटकी जात तेवढी घ्या. उंच जातीच्या शेंगा तडकून बी दूर उडतं आणि दोन वर्षांत फरशीच्या फटीतूनही रोपं निघतात.

सातारकर_माळी

साताऱ्याकडून एक सावधगिरीची सूचना. सुट्टीत महाबळेश्वर-पाचगणीला गेलेले लोक तिथल्या नर्सरीतून हायड्रेंजिया, फ्युशिया, जिरॅनियम घेऊन खाली उतरतात. तिथली माती जांभ्याची, आम्लधर्मी, हवा थंड. आम्ल मातीत अ‍ॅल्युमिनियम मुळांना मिळतं म्हणून हायड्रेंजिया निळा फुलतो. तोच सांगलीच्या मातीत गुलाबी होतो आणि एप्रिलच्या उन्हात पानं जाळून घेतो. फ्युशिया तर मार्चही काढत नाही. अनंत आणि जर्बेरा यांनाही तुमच्या जमिनीत घालू नका, कुंडीत वेगळ्या मातीत जमतील.

सातारा शहरात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला माती मुरमाड आहे, पाणी लगेच निचरतं, पाऊस सांगलीहून जास्त. तिथे उलट अडचण: उन्हाळ्यात रोज पाणी मागते आणि खत धुऊन जातं. म्हणून साताऱ्यातल्या कुणी हा धागा वाचत असेल तर गादीवाफ्याऐवजी उथळ आळी करा आणि शेणखत एकदम न देता जून, सप्टेंबर, जानेवारी असं तीनदा विभागून द्या.

आणि कास पठारावरून कंद, रोपं उपटून आणू नका. कायद्याने तर गुन्हा आहेच, पण ती फुलं जांभ्यावरच्या बोटभर मातीत, चार महिने पाण्यात आणि आठ महिने पूर्ण कोरडी अशा रीतीने जगतात. बागेत ती टिकत नाहीत.

अंगण_विश्रामबाग

सगळ्यांचे आभार. लिंबाचा रस टाकल्यावर माती चांगली फसफसली. ढेकळाची तपासणी नळाच्या पाण्यात केली तर चालेल का? पश्चिमेच्या पट्टीवर बोगनवेल जमिनीत लावू का? आणि शेवंतीबद्दल कुणीच लिहिलं नाही. गेटजवळ जागा आहे, पण तिथे रस्त्याचा दिवा रात्रभर चालू असतो.

काळीमाती

नळाच्या पाण्यात नको. त्यातले क्षार मातीचे कण धरून ठेवतात आणि चोपण मातीसुद्धा चांगली वाटते. दुकानातून डिस्टिल्ड पाण्याची बाटली आणा, बॅटरीत घालतात तेच.

बोगनवेल १८ ते २० इंची कुंडीत लावा. काळ्या मातीत तिला ओल भरपूर मिळते, मग ती काटेरी फांद्या आणि पाला वाढवते, आणि अडीच फुटांच्या पट्टीत भिंतीच्या पायाकडे मुळं घालते. कुंडीत पाणी तोडता येतं. पावसाळा संपल्यावर पानं किंचित लोंबेपर्यंत थांबायचं, मग भरपूर पाणी द्यायचं, पुन्हा थांबायचं. असे तीन-चार ताण दिले की कळी धरते. युरिया किंवा ताजं शेण अजिबात नको. क्षार सोसण्यात ती पक्की आहे, त्यामुळे बोअरचं पाणी तिला चालेल. डबल जातींच्या सुकलेल्या रंगीत पाकळ्या गळत नाहीत, वेलीवरच तपकिरी होऊन राहतात. त्या खुडण्याची तयारी नसेल तर एकेरी जात घ्या.

परसबाग_तासगाव

मी जमिनीतल्या बोगनवेलीच्या बाजूने आहे, पण अट एक: पट्टीत दीड फूट उंचीचा निव्वळ मुरमाचा ढीग करून त्यावर लावायची आणि वर्षातून दोनदा छाटायची, जूनमध्ये निम्मी आणि ऑक्टोबरात हलकी. छाटणी जमणार नसेल तर कुंडीच बरी.

आता लागवड. नर्सरीची पिशवी सोडली की आत चिकट तांबड्या मातीचा गोळा असतो, विटेसारखा आवळलेला. तो तसाच काळ्या मातीत गेला तर बाहेरचं पाणी आत शिरत नाही. भोवती चिखल आणि आत गोळा कोरडा, झाड मात्र सुकतं. गोळा बादलीभर पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. मग बाहेरची एक तृतीयांश माती बोटांनी सोडवा. तळाशी गोल फिरलेली मुळं दिसतील, ती कापा. खड्डा गोळ्याएवढाच खोल आणि दुप्पट रुंद, आणि झाडाची मान मातीच्या अर्धा इंच वर. मृगाच्या आधी वाफे तयार ठेवा, एक-दोन पाऊस होऊन माती निवली की लागवड करा.

आच्छादनाला उसाचं पाचट घ्या, आपल्याकडे त्याची वाण नाही. वीतभर तुकडे करून दोन-तीन इंचांचा थर, बुंध्याभोवती तीन इंच मोकळे. वर शेणकाला शिंपडा, नाहीतर पाचट कुजताना मातीतलं नत्र ओढतं आणि झाडं फिकट दिसतात. कोरडं पाचट तसंच पडून राहिलं तर वाळवी येते. जुलै-ऑगस्टात थर पातळ करा, त्याखाली गोगलगाई लपतात. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) वापरायची असेल तर कुजून थंड झालेलीच. ताजी गरम असते, मुळं भाजते.

हायब्रीड जास्वंदाची कळी गळते त्याची कारणं तीन, आणि ती वेगळी ओळखता येतात. कळी देठासकट हिरवीच गळते: पाण्याची अनियमितता किंवा ३८ अंशांपुढचं तापमान. कळी वाकडी, टोकाशी तपकिरी आणि पांढऱ्या कागदावर झटकल्यावर बारीक लांबट किडे पडतात: फुलकिडे. कळी पिवळी होऊन गळते आणि फोडल्यावर आत इवल्या अळ्या दिसतात: माशीची अळी, अशा कळ्या रोज वेचून पिशवीत बांधून टाका, जमिनीवर ठेवल्या तर अळी मातीत कोष करते आणि चक्र चालूच राहतं. पहिल्या कारणाला औषध नाही. दुपारी दोननंतर सावली आणि ठरलेल्या दिवशी पाणी. फुलकिड्यांना निंबोळी तेल ५ मिली आणि द्रवरूप साबण १ मिली, लिटरमागे, संध्याकाळी, सात दिवसांच्या अंतराने तीनदा. पिठ्या ढेकणालाही हेच चालतं, पण आधी पाण्याच्या जोरदार धारेने पांढरा कापूस उडवा. खोडावरून मुंग्यांची रांग चालली असेल तर ती आधी तोडा. मुंग्या ढेकूण एका फांदीवरून दुसरीवर नेतात.

छाटणी: जास्वंद, हमेलिया, टेकोमा, चित्रक फेब्रुवारीच्या मध्यावर, थंडी ओसरली की. जास्वंद एक तृतीयांश, बाकीचे निम्मे. सगळे एकाच दिवशी छाटू नका. दोन हमेलियांत तीन आठवड्यांचं अंतर ठेवा, म्हणजे एक बोडका असताना दुसरा फुललेला असतो. एप्रिल-मेमध्ये कात्री लावायची नाही, उघडी पडलेली साल उन्हाने भाजते. छाटल्यावर झाडामागे १०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि दोन किलो शेणखत. हिवाळ्यात रंग कमी पडतो, तिथे दोन-चार गुलाब घाला. ऑक्टोबरच्या मध्यावर छाटले की ४५ ते ५० दिवसांत फुलतात. डोळा भरलेला सांधा (कलमाची जोडणी) मातीच्या दोन इंच वर ठेवा आणि सांध्याखालून आलेली फूट मुळाशी ओढून काढा.

फुलवेडी_मिरज

शेवंती गेटजवळ नको. तिला कळी धरायला रात्र लांब आणि सलग अंधारी लागते. दिव्याच्या उजेडात ती नुसती उंच वाढत राहते. उजेड घराच्या ज्या बाजूला पोचत नाही तिथे लावा, किंवा कुंड्यांत लावून सप्टेंबरपासून रात्री आडोशाला हलवा. तेही जमत नसेल तर संध्याकाळी सहा ते सकाळी सात जाड काळं कापड टाका, कळ्यांना रंग दिसेपर्यंत, रोज. मध्ये खंड पडला की फुलणं पुढे जातं.

रोपं दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही. फुलं संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत, झाड अर्धा फूट ठेवून कापा. बुंध्याभोवती जमिनीतून नवे फुटवे येतात. मुळासकट सोडवून ते अर्धवट सावलीत उन्हाळाभर सांभाळा आणि जूनमध्ये उंच वाफ्यावर एक फुटावर लावा. शेंडे खुडायचे ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत. त्यानंतर खुडलं तर कळीच खुडली जाते. जुना बुंधा तिथेच ठेवू नका, त्याला पुढच्या वर्षी फुलं बारीक येतात आणि मावा आधी त्यावरच बसतो.